भाता वळतो तिथे

डाव्या खांद्याला विश्रांती द्या, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगून झालं होतं. विश्रांती द्या म्हणे! खांदा काय पाहुणा आहे, ये बाबा, बस, जरा पंख्याखाली टेक म्हणायला? सकाळी सहा ते दुपारी दोन मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी गरम रुळांमध्ये सरकवते. दिवसाला चारशे चादरी. आणि दर गुरुवारी तिथून सुटले की तोच खांदा घेऊन बस डेपोच्या कँटीनमध्ये जाते आणि आठ बाप्यांच्या नाचाला कॉन्सर्टिना वाजवते. तीस वर्षं होत आली. पण गेलं दीड वर्ष गुरुवार उजाडला की वाटायचं, आज डेपोला आग लागावी. लहानशीच. कुणाला इजा नको, फक्त कँटीन बंद राहावं.

कॉन्सर्टिना म्हणजे सहा कोनांची, दोन हातांत मावणारी पेटी. दोन्ही टोकांना बटणं, मध्ये घड्याघड्यांचा भाता. चामड्याच्या पट्ट्यांत दोन्ही हात अडकवायचे आणि भाता ओढायचा, दाबायचा. माझ्या पेटीत एकच बटण ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा. नवख्या माणसाचं डोकं फिरतं. माझं फिरलं नाही, कारण मला आत्यानं नवव्या वर्षीच शिकवलं. त्या वयात कुठलीही विचित्र गोष्ट खरी वाटते.

आत्या शोकसभांना वाजवायची. कुणी गेलं की तिला बोलावणं यायचंच. तिचा नियम एकच, भाता कधी वळला ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ओढ चालू असेल तर तोच सूर शेजारच्या ओळीतल्या कुठल्या बटणात ओढीवर सापडतो ते शोधायचं, तिकडे बोट टाकायचं आणि भाता न वळवता पुढे जायचं. सगळं एकसलग, तेल ओतल्यासारखं. “रडणाऱ्या माणसाला धक्का देऊ नये,” असं ती म्हणायची. सतराव्या वर्षी माझा हात इतका तयार झाला होता की माझ्या वाजवण्यावर अनोळखी लोकसुद्धा हमसून हमसून रडायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

मग लग्न झालं. हे डेपोत इंजिनं उघडायचे आणि काम सुटल्यावर नाचायचे. नाच म्हणजे लाकडी तळाचे बूट घालून टाचांनी आणि चवड्यांनी जमिनीवर ताल वाजवायचा, सात जण ओळीत आणि एक पुढे. यांच्या ढोलवाल्याची बदली झाली म्हणून मोठ्या कौतुकानं मला घेऊन गेले. मी वाजवलं. आठही जण उभेच्या उभे. एकाचीही टाच हलेना. शेवटी हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “अगं, सुरेख आहे. पण ह्यावर पाय उचलत नाही गं. ह्यावर रुमाल काढावासा वाटतो.”

मी तीन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. चौथ्या दिवशी पेटी काढली आणि आत्यानं शिकवलेलं सगळं उलटं करायला बसले. बटणं शोधत हिंडायचं नाही, एकाच ओळीत राहायचं आणि दर सुराला, नाहीतर दर दुसऱ्या सुराला भाता वळवायचा. तो धक्का लपवायचा नाही. भाता वळतो तिथेच तर नाचणाऱ्याची टाच उचलते. सूर लांबवायचा नाही, कापायचा. आणि बटणांकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. हे सगळं हातात बसायला दोन वर्षं गेली. आत्या एकदा ऐकायला आली होती, ऐकून झाल्यावर विचारते, “पेटीला उचकी लागलीय का गं?” पण आठ जोड्या बूट एका ठोक्यात पडायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हातात लोकांना रडवण्यापलीकडेही काही आहे.

हे बावीस वर्षं पुढे नाचतायत. पुढचा माणूस चुकला की मागचे सातही चुकतात, म्हणून ती जागा सहजासहजी कुणाला मिळत नाही आणि मिळाली की कुणी सोडत नाही. यांचं तर सगळं जगणंच त्या जागेवर. डेपोतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, घरात दुसरं काही करायला नाही, पेपर तरी किती वेळा वाचणार? पण गुरुवारी बूट घातले की माणूस वेगळाच दिसतो.

आणि दीड वर्षापूर्वी मला त्यांचा डावा पाय उशिरा पडताना दिसला.

फार नाही. इतकासाच. भाता वळला, टाच उचलली, आणि खाली यायला किंचित वेळ लागला. दुसरं कुणी बघितलं असतं तर कळलंही नसतं, पण मी तीस वर्षं त्या पायाकडेच बघतेय. बासष्टी ओलांडलेला माणूस, यांचे वडील गुडघ्यांनीच अंथरुणाला खिळले होते. विचारावं तर हे काय सांगणार? “मला काय धाड भरलीय?” एवढंच. म्हणून मी विचारलं नाही. माझ्या हातानं जमेल तेवढं केलं.

म्हणजे आत्याकडे परत गेले. आधी एकाच जागी, मग आणखी दोन जागी मी भाता वळवायचं टाळलं, शेजारच्या ओळीतून सूर घेतला आणि थोडा लांबवला, म्हणजे डाव्या पायाला खाली यायला सवड मिळेल आणि उशीर ऐकू येणार नाही. पुढच्या महिन्यात वेग थोडा कमी केला. त्यानंतर आणखी थोडा. खरं सांगते, माझ्या खांद्यालाही ते बरं वाटत होतं. सारखा सारखा भाता उलटवायचा म्हणजे डाव्या हातानं सारखं ओढायचं आणि ढकलायचं, आणि चारशे चादरींनंतर त्या हातात राहतं काय? पण मी स्वतःला सांगायचे, हे त्यांच्यासाठी करतेय. घरी हे अधूनमधून विचारायचे, “खांदा कसा आहे?” आणि मी म्हणायचे, “आहे जागेवर.” संपलं बोलणं.

तर त्या मंगळवारी दोन वाजता मी लाँड्रीच्या फाटकातून बाहेर पडले, तर समोर मुकादम उभे. डेपोत बसगाड्या धुणाऱ्यांचे मुकादम, यांचे तीस वर्षांचे दोस्त, नाचात ओळीत उजवीकडून दुसरे. हातात दोन चहाचे कागदी कप. मी म्हटलं, “काय भाऊजी, आज इकडे कुठे वाट चुकलात?”

“वहिनी, जरा बोलायचं होतं.” आणि मग चहा निम्मा होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा. मी म्हटलं, “अहो, माझे पाय मोडून आलेत. काय ते बोला आणि मोकळे व्हा.”

तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. शनिवारी डेपोच्या नव्या शेडचं उद्घाटन होतं, दुसऱ्या तीन डेपोंचे नाचणारे येणार होते. “सगळे बोलायला लागलेत वहिनी. त्याचा डावा पाय मागे पडतो. तुम्ही सांभाळून घेता ते काय आम्हाला कळत नाही? पण त्यामुळे सगळा नाचच लोळागोळा झालाय. बाकीच्या डेपोंसमोर आपलं हसं होईल.”

“मग त्यांना सांगा. माझ्याकडे कशाला आलात?”

“मी कसं सांगू? तीस वर्षांची दोस्ती आहे.” मुकादमांनी कप चुरगाळला. “तुम्ही एक करा. परवा सरावाला पूर्वीच्या वेगानं वाजवा. पूर्वीसारखं, झटके देऊन. त्याला झेपणार नाही, त्याचं त्यालाच कळेल. तो आपणहून मागे होईल आणि ओळीतला तो टायरवाला पुढे उभा राहील. कुणी कुणाला काही बोलायलाच नको.”

मला असा संताप आला! मुकादमांना दोस्ती सांभाळायची, आणि बायकोनं नवऱ्याचा पाय सगळ्यांसमोर घसरवायचा. तोंडावर सांगायला हवं होतं, चला निघा इथून. पण उभ्या उभ्याच झोप येईल इतकी दमले होते. आणि त्या दमणुकीत एक विचार आला, तो आज सांगते, तेव्हा स्वतःलाही सांगितला नव्हता. हे मागे झाले, मग हळूहळू घरी बसले, तर मलाही बसता येईल. गुरुवारी दोन वाजता घरी जायचं, पंखा लावायचा, आडवं व्हायचं. कुणाच्याही पायाकडे बघायचं नाही.

मी म्हटलं, “बरं.”

मुकादमांना वाटलं होतं मी भांडेन. ते “बरं?” म्हणाले. मी म्हटलं, “बरं म्हटलं ना, आता जाऊ का घरी?”

बुधवारी हे बाल्कनीत बूट घेऊन बसले होते. टाचेची लोखंडी नाल सैल झाली होती, ती ठोकत होते. तोंडात दोन खिळे. मी कपडे वाळत घालायला गेले तर खिळे काढून विचारतात, “शनिवारी तो निळा शर्ट घालू का गं? का म्हातारा दिसेन त्यात?”

“म्हाताराच आहात.”

“ते झालंच. पण दिसायला नको ना!” आणि हसले.

तेव्हा सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं अगदी, मुकादम आले होते, असं असं म्हणाले. मी चादर झटकली, चिमटे लावले आणि आत गेले. काय सांगणार होते? की मी हो म्हणालेय?

गुरुवारी कँटीनमध्ये टेबलं भिंतीला लावलेली. फरशीवर खडूची रेघ. हे रेघेच्या पुढे, बाकीचे सात रेघेवर. टायरवाला माझ्याकडे बघेना, मुकादम फरशीकडे बघत होते, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ह्यांना नाही. मी स्टुलावर बसले, पेटीचं उजवं टोक उजव्या मांडीवर टेकवलं, डावा हात पट्टीत घातला. डाव्या हातानंच भाता चालवते मी.

“बायको, लाव,” हे म्हणाले. नेहमी तसंच म्हणतात.

आणि मी लावलं. दीड वर्षात वाजवलं नव्हतं तसं. एका ओळीत, दर सुराला भाता उलटा, सूर तोडून तोडून. यांचं डोकं चटकन माझ्याकडे वळलं तेवढं कळलं, पण मी वर बघितलं नाही. मी पायाकडे बघत होते. डावी टाच उचलली. खाली आली.

वेळेवर.

मला वाटलं, जोर करून टाकला असेल, दुसऱ्या फेरीत पडेल उघडा. दुसरी फेरी आली. टाच, चवडा, टाच, घासून मागे, टाच. डावा पाय खिळा ठोकावा तसा वेळेवर. मागच्या सातांपैकी दोघं कचरले, हे नाही. आणि मी काय केलं? मी वेग आणखी वाढवला. एकदाचं होऊन जाऊ दे, असं झालं होतं मला. हरा ना, मी मनात म्हणत होते, हरा एकदाचे, म्हणजे आपण घरी जाऊ.

तिसऱ्या फेरीत माझा खांदा गेला.

कळ नाही आली, ते त्याहून वाईट होतं. हातातलं बळच निघून गेलं. भाता पूर्ण उघडला होता आणि पुढचा सूर ओढीवरचा होता. ओढायला जागा उरली नव्हती. अशा वेळी उजव्या अंगठ्याखालचं हवेचं बटण दाबून भाता आवाज न करता मिटून घ्यायचा असतो, नवव्या वर्षीच शिकवतात ते. मी बटण दाबलं, पण मिटायला हात लागतो, आणि हातानं तो मिटेना. पेटीतून फुस्स करून हवा गेली आणि सूर बंद पडला. बूट एकेक करून थांबले. सगळ्यात शेवटी ह्यांचे.

हे धावत आले. पट्टीतून माझा हात सोडवला, पेटी खाली ठेवली. “दुखतोय ना? कशाला एवढं ताणायचं? अरे, पाणी आणा कुणीतरी!” आणि मग माझ्यावरच ओरडले, “काय लहर आली तुला आज? दीड वर्ष मी पाय हवेत आवरून धरतोय, तुझा भाता वळेपर्यंत खाली टेकवत नाही, का? तर तुझ्या खांद्याला घाई नको. आणि आज एकदम आगगाडी!”

मी विचारलं, “तुमच्या पायाला काही झालेलं नाही?”

“पायाला काय धाड भरलीय?”

म्हणजे ते माझ्यासाठी थांबत होते, आणि त्यांचं थांबणं बघून मी आणखी हळू होत होते. मी हळू झाले म्हणून ते आणखी थांबले. दोघांनी मिळून अख्खा नाच खड्ड्यात घातला आणि घरी एकमेकांना विचारायचं काय, तर खांदा कसा आहे. मला हसू आलं असतं. पण मुकादम पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभे होते, मला त्यांचं तोंड दिसत होतं आणि टायरवाल्याचंही. दोघं एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, आता हे दोघं काहीतरी काढतील, शनिवारी तरी टायरवाल्यालाच पुढे राहू दे म्हणतील. ह्यांच्यावर उगाच बालंट नको, एवढंच होतं माझ्या मनात. मी मोठ्यानं म्हटलं, “ऐकलंत ना सगळ्यांनी? उशीर माझा होता. ह्यांना मागे करायचं काही कारण नाही.”

“मागे?” हे म्हणाले. “कुणाला मागे?”

मुकादमांनी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवून दिला.

मग मला सांगावंच लागलं. मुकादम फाटकापाशी आले होते, चहा आणला होता, गुरुवारी वेगात वाजवा म्हणाले, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल. मुकादम म्हणाले, “अरे, आम्हाला वाटलं…” हे त्यांच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. माझ्याकडेच बघत होते.

“आणि तू हो म्हणालीस?”

खोटं बोलता आलं असतं. मुकादमांनी साथही दिली असती. “हो,” मी म्हटलं. “दमले होते मी.”

“कधी?”

“मंगळवारी.”

“मंगळवारी,” ते म्हणाले. मला समजलं ते काय मोजत होते. बुधवार मोजत होते, बाल्कनीतला.

त्यांनी पेटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. डावी पट्टी त्यांनी माझ्या हातात घातली नाही, ती मीच घातली. ते रेघेपुढे जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. “लाव.”

मुकादम म्हणाले, “अरे, आज राहू दे. तिचा हात बघ की.”

“परवा नाच आहे,” हे म्हणाले, आणि मी सुरू करायच्या आधीच त्यांनी टाच वाजवली. पूर्वीच्या वेगानं. माझ्या आगगाडीइतकी नाही, पण अस्सल पूर्वीच्या वेगानं. मागचे सात घाईघाईनं त्यात शिरले.

मी काय करणार? डावं कोपर बरगडीला चिकटवलं आणि भाता दोन बोटांइतकाच उघडला. एवढ्याशा भात्यात सगळे सूर मावेनात. डाव्या बाजूचे जाड सूर सोडून दिले. तरी जमेना, मग उजव्या हातातलेही निम्मे टाकले, फक्त ठोक्यावरचा तेवढा ठेवला. ओढ, दाब. ओढ, दाब. मधली जागा बुटांनी भरली. मागून टायरवाला चक्क “वाहवा” म्हणाला, मुकादमही म्हणाले, वहिनी, असंच ठेवा, नाच असा चढला नव्हता कधी. असेल. मला काही ऐकू येत नव्हतं. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पायाकडे मात्र बघत होते. एका जागी माझा सूर मागे राहिला, मग आणखी एकदा राहिला, आणि मला वाटलं, आता ही टाच क्षणभर वर थांबेल, थांबतेच. ती थांबली नाही. मी आणखी एक सूर गाळला आणि तिला गाठलं. सगळा नाच संपेपर्यंत डावा पाय दर वेळी वेळेवर पडला, माझ्यासाठी एकदाही थांबला नाही.